दहावं कडवं

शिपान गाव
आठव्या महिन्याची सहावी तिथी

रुइलान,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे चुलीत घातलं नसशील, तर पुढे वाच. चौथीपर्यंत आपण एकाच बाकावर बसायचो, तेव्हाही माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय होते आणि तू माझी वही बघून नाक मुरडायचीस. आता तर डोळेही साथ देत नाहीत, तेव्हा ओळी वरखाली झाल्या तर हसून घे.

तुझ्या फोशानच्या दुकानाचा पत्ता तुझ्या चुलतभावाने दिला. छिंगमिंगच्या सणाला पूर्वजांची थडगी झाडायला आला होता. मी फोन नंबर मागितला, तर म्हणाला, "नंबर द्यायचा नाही असं ताईने बजावलंय. पत्त्याचं काही बोलली नाही." तेवढ्या फटीतून हे पत्र सरकवते आहे. फोन नाही हे एका अर्थी बरंच झालं. तोंडाने बोलायला लागले की मी गोड बोलते आणि गोड बोलता बोलता भलतंच सांगून बसते. कागदावर जरा आवरतं.

काम छोटं आहे. जिल्ह्याहून एक बाई आवाज टिपायचं यंत्र घेऊन आमच्याकडे येते. चांगली आहे बिचारी, चौतिशीची, अजून लग्न नाही. जुनी गाणी गोळा करते. तिला आपलं दहा बहिणींचं गाणं पुरं हवं आहे. मी पडवीत बसून म्हणून दाखवलं. ती बोटं मोजत होती. नवव्या बोटावर मी थांबले.

"आजी, दहावं?"

"दहावं माझं नाही. ज्या मुलीचं होतं ती गाव सोडून गेली."

"मग दुसऱ्या कुणाचं तरी म्हणा ना."

तिला काय सांगणार? पहिली नऊ कडवी सगळ्या खोऱ्यात सारखी, पण दहावं ज्या त्या घराण्याचं, हे तिच्या यंत्राला कळत नाही. आपल्या वाडीचं दहावं तुझ्या आजीकडून तुझ्याकडे आलं. सराव करताना तू ते कधी म्हटलं नाहीस. मी हट्ट केला तर म्हणायचीस, "तुझ्या लग्नात तुला बैठकीतून उठवायच्या वेळी ऐकशील. आत्ता ऐकलंस तर त्या दिवशी रडणार नाहीस." ते मी ऐकलं नाही ते नाहीच.

चार ओळी तर आहेत. लिहून पाठव. खाली नाव घातलं नाहीस तरी चालेल.

दोंगशिऊ

ता. क. माझी तब्येत बरी आहे. तू विचारलं नाहीस तरी सांगितलं.


आठव्या महिन्याची अठ्ठाविसावी तिथी

रुइलान,

पोस्टमन मला लांबूनच हात हलवून "नाही" म्हणतो. काल म्हणाला, "आजी, या वयात कुणाच्या पत्राची वाट बघताय? आम्हालाही कळू द्या." मी म्हटलं, तुझ्या सासूच्या. तो बायकोला घाबरतो, लगेच सायकलला टांग मारली.

मागच्या पत्रात मी अर्धंच खरं लिहिलं. जिल्ह्याची बाई खरी आहे, यंत्रही खरं आहे. पण दहावं मला तिच्यासाठी नको होतं. माझ्या नातीचं, श्याओमानचं लग्न ठरलं आहे. बाराव्या महिन्याची नववी. आईबाप चच्यांगच्या कारखान्यात, म्हणून पोर माझ्याच हाताखाली वाढली. आता शहरात चष्म्याच्या दुकानात असते. मुलगा चष्मा करायला आला आणि नंबर काढता काढता जमलं. या पोरीने परवा काय मागावं? "आजी, मला लग्नाच्या आदल्या दिवशी दहा बहिणींची बैठक हवी. पुरी. तुझ्यासारखी नऊवर अडकलेली नको."

म्हणजे घरातल्या पोरांनाही माहीत आहे. मला वाटत होतं की विसरले सगळे.

आपल्या लोकांना आकड्यावाचून गाताच येत नाही बघ. चहा खुडायचा तर बारा महिन्यांचं गाणं. नवरा परदेशी असलेलीला रात्रीच्या पाच प्रहरांचं. दारू प्यायला बसले की दहा पेल्यांचं. लहानपणी मला वाटायचं, आकडा म्हणजे गाणं पाठ व्हायची सोय. आता वाटतं की आकडा म्हणजे अडकवणं. एकदा "पहिली" म्हटलं की मग दहापर्यंत जावंच लागतं, मध्ये थांबायला जागा नाही. सातव्यानंतर उठून गेलेली तू पहिलीच.

उठलीस त्यात तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तसं मी कधी कुणाजवळ म्हटलंही नाही.

मला माझी ती बैठक अशी दिसते, की दोन चौकोनी मेजं जोडलेली, दहा पेले, मक्याची दारू, मधे भाजलेल्या भोपळ्याच्या बिया. सांस्कृतिक क्रांतीची दहा वर्षं गाण्यांवर बंदी होती, ती उठल्यावर खोऱ्यातली पहिली बैठक माझी. तीन गावांची माणसं अंगणात. थोरली मेइ पहिल्या जागेवर, तिने सुरुवात केली,

पहिली बसली उंबऱ्याशी, हाती मक्याची दारू
दहाजणी आलो गं बाई, एकीला कशी विसरू

मी सातव्या जागेवर, कारण सातवं कडवं नवरीचं, शिव्यांचं. सोयरीक जुळवणाऱ्या बाईला नवरीने त्यात मनसोक्त शिव्या घालायच्या आणि बाईने दारात छत्री धरून हसत ऐकायच्या. उलट बोलायचं नाही, अपशकुन होतो. सगळ्या मुली त्याच शिव्या देतात. मधाची जीभ, डुकराची तंगडी खाऊन लेक विकली, वगैरे. मी त्या दिल्या नाहीत. मी तुझ्या आईचं नाव घेतलं,

फंगबाई, तुला ठाऊक होतं, तो पडतो, फेस येतो तोंडाला
ठाऊक असून गप्प बसलीस, काय सांगशील देवाला

लग्नाच्या चार दिवस आधी मला नवऱ्याच्या गावच्या एका आत्याने सांगितलं होतं की मुलाला झटके येतात. मी आबांना विचारलं. आबा म्हणाले, "मला कुठे माहीत? फंगबाईंनी काही सांगितलं नाही." मी ते खरं मानलं. बापाने सांगितल्यावर कोण मानत नाही? फंग मावशींनी सगळं सांगितलं होतं आणि ते आबांनीच माझ्यापासून लपवलं, हे मला कळलं तेव्हा आबा शेवटच्या अंथरुणावर होते. तोवर सतरा वर्षं गेली होती. कुणाला सांगून काय होणार होतं?

म्हणून दहावं हवं आहे. पोरीच्या वेळी तरी पुरं व्हावं.

दोंगशिऊ


दहाव्या महिन्याची दुसरी तिथी

रुइलान,

मागच्या पत्रात मी पुन्हा खोटं लिहिलं. तुला लिहितानाही माझी ही सवय जात नाही.

शेवटच्या अंथरुणावर वगैरे काही नाही. आबा मरताना गप्पच होते. मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं.

लग्नानंतर पहिल्याच सकाळी योंगफूला झटका आला. शुद्धीवर आल्यावर मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते. तो हळूच म्हणाला, "रागावलीस का? मला वाटलं तुला माहीत आहे. फंग मावशी तुमच्याकडून परत आल्या तेव्हा मी विचारलं होतं, की सांगितलंत ना? म्हणाल्या, चुलीपाशी बसून तिच्या आबाला सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. तो म्हणाला, पोरीच्या कानावर मी घालीन."

तिसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे माहेरी गेले. आबा चुलीत मक्याची कणसं भाजत होते. मी दारातूनच विचारलं, "आबा, फंग मावशींनी तुम्हाला सांगितलं होतं ना?" त्यांनी मान वर केली नाही. एक कणीस उलटं केलं आणि म्हणाले, "शौवनला धान्याच्या कोठारात घेतलंय. पुढच्या महिन्यापासून." त्या कोठारावर योंगफूचा काका होता. बस्स. भावाची नोकरी लागली होती, मला भाजलेलं कणीस मिळालं. मी ते खाल्लं, रुइलान. गरम होतं, भूक लागली होती, खाल्लं.

तेव्हा तुम्ही अजून गावातच होता. तुमचं घर आमच्या अंगणातून दिसायचं. पन्नास पावलं चालून मी येऊ शकले असते. त्या महिन्यात तुझं हायस्कुलातल्या मास्तरशी ठरलेलं मोडलं. फंग मावशींना कुणी दारात उभं करेना. आधीच्या दहा वर्षांत लोकांना सवयच लागली होती, की चारचौघांत ज्याचं नाव पुकारलं तो गुन्हेगार. गाण्यातल्या शिव्या आणि सभेतल्या शिव्या वेगळ्या असतात हे कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. माझ्याही नाही. आणि तुझ्या आईने रीत पाळली. दारात छत्री धरून, आबांकडे बघत, हसत उभ्या राहिल्या. एक शब्द उलट बोलल्या असत्या तर आबांना तोंड लपवायला जागा उरली नसती. पण माझ्या लग्नात अपशकुन नको म्हणून बोलल्या नाहीत.

दुसऱ्या उन्हाळ्यात तुम्ही यिचांगला गेलात. त्या तिथे भाड्याच्या खोलीत वारल्या हे मला दोन वर्षांनी समजलं.

अजून एक आहे, ते लिहिल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून बसले आहे. फंग मावशींची तेलकागदाची छत्री त्या दिवशी आमच्याकडे राहिली. त्या गेल्यावर खोऱ्यात सोयरीक जुळवणारं कुणी उरलं नाही. लोक मला विचारायला लागले, कारण माझी जीभ चालते. मी ती छत्री घेतली. बत्तीस वर्षं हेच करते आहे. शंभरावर लग्नं जुळवली. मुलगा पडतो, मुलगा पितो, मुलीला ऐकू कमी येतं, जे असेल ते दोन्हीकडे आईबापांसमोर आणि पोरांसमोर, दोघांना एकत्र बसवून सांगते. चुलीपाशी एकट्या बापाला सांगत नाही. तेवढं मी शिकले. आणि शंभरावर नवरी मुलींनी मला दारात उभं करून शिव्या दिल्या. दर वेळी हसत ऐकल्या. दर वेळी सातवं कडवं सुरू झालं की वाटायचं, एखादी खरंच नाव घेईल. कुणी घेतलं नाही. सगळ्या माझ्यापेक्षा शहाण्या निघाल्या.

छत्रीचा कागद तीनदा बदलला. दांडा तोच आहे.

योंगफू जाऊन अकरा वर्षं झाली. नदीकाठच्या शेतात झटका आला, पाणी घोट्याएवढंच होतं. माणूस वाईट नव्हता गं. त्याचं दुखणं ऐकून मी कधीच नाही म्हटलं नसतं, आधी सांगितलं असतं तर. हे कुणाला सांगू?

दोंगशिऊ


अकराव्या महिन्याची एकोणिसावी तिथी

रुइलान,

तुझं पत्र आलं. पोस्टमन सायकलवरून उतरून पळतच आला. "आजी, आलं बघा सासूचं." मी पडवीत उघडलं. आत कागद अर्धा, ओळी दोन. आता त्या मला पाठ आहेत:

"जिथे नाव घेतलंस तिथेच परत घे. बैठकीत, गाण्यात, सगळ्यांसमोर. मग दहाव्याचं बघू."

तुझं अक्षर अजून सरळ आहे. मला आधी त्याचाच राग आला.

मग दोन दिवस झोप नाही. बरोबर मागितलंस. पत्रात मी कितीही कबूल केलं तरी ते ह्या कागदापुरतं. गावात अजून तुझ्या आईचं नाव निघालं की म्हणतात, तीच ती, जिने रोगी मुलगा गळ्यात बांधला. परवा दुकानात एका सुनेला तिची सासू सांगत होती, "चौकशी नीट कर बाई, नाहीतर फंगबाई व्हायची." फंगबाई म्हणजे फसवणूक, असा शब्दच पडला आहे. ती सून पंचवीस वर्षांची. तिला फंगबाई कोण हेही ठाऊक नाही.

मी ठरवलं, की म्हणायचं. आणि आधी शौवनला सांगायला गेले, कारण तो भाऊ आहे आणि आबांचं नाव त्याचंही आहे. कोठारातून निवृत्त झाला, दोन मजली घर, पंचायतीत मान. मी सगळं सांगितलं. तो सूर्यफुलाच्या बिया फोडत ऐकत होता.

"झालं?" तो म्हणाला. "आता चहा घे आणि घरी जा."

"शौवन, मी म्हणणार आहे."

"कुणासाठी? ती बाई मेली. आबा गेले. दाजी गेले. उरलोय तू नि मी. तुला काय हवंय, की माझ्या नातवंडांनी ऐकावं आजोबांना नोकरी कशी लागली ते?"

"तुझा दोष नव्हता त्यात. तू सोळा वर्षांचा होतास."

"मग आता साठाव्या वर्षी माझ्या डोक्यावर का ओततेस?" मग जरा मऊ झाला. "ताई, तू आयुष्यभर लोकांच्या पोरी उजवल्यास. तुला मान आहे. एवढ्या वर्षांनी स्वतःच्या हाताने शेण का खातेस? आणि श्याओमानच्या सासरचे असणार तिथे. शहरातली माणसं. त्यांना काय वाटेल?"

मी चहा न घेता उठले. दारापर्यंत येऊन म्हणाला, "तू म्हणणार नाहीस. ओळखतो मी तुला. चव्वेचाळीस वर्षं गिळलंस, आता काय उलटी करणार?"

सगळ्यात वाईट हे वाटलं की तो चुकीचं बोलत नव्हता. तुला पत्र लिहितानाही मी दोनदा खोटं बोलले. बैठकीत तोंड उघडलं आणि ऐनवेळी गोड काही निघालं तर? माझा माझ्यावर भरवसा नाही. तू ये ना. तू समोर बसलीस तर मला वळता येणार नाही. दहावी जागा तुझ्यासाठी ठेवली आहे. तुझं दहावं म्हण किंवा म्हणू नकोस, नुसती बस. फोशानहून एनशीपर्यंत आता गाडी थेट आहे म्हणतात. पुढे मी रिक्षा घेऊन येते.

बैठक आठवीला दुपारी आहे. शहरातल्या पाहुण्यांना संध्याकाळच्या बसने परत जायचं आहे.

दोंगशिऊ


बाराव्या महिन्याची अकरावी तिथी

रुइलान,

तू आली नाहीस. मी दोन बसपर्यंत वाट पाहिली, मग कळलं की तिसरी नाही.

तुला पहिल्यापासून सांगते, मधलं काही गाळत नाही.

दहाजणी जमवताना नाकी नऊ आले. गावात लग्नाची मुलगीच उरली नाही. पहिल्या जागेवर थोरली मेइ. आपल्या दहांतली गावात तीच आणि मीच उरलोय. तिला आता काही ऐकू येत नाही, पण आवाज खणखणीत. लग्न झालेलीला बसवत नाहीत, हे मी तिच्या कानात ओरडून सांगितलं. म्हणाली, "नवरा मेला की बाई पुन्हा कुमारी." ती बसली. मग शाळेतली मास्तरीण, शेजारची नऊ वर्षांची पोर, श्याओमानच्या दुकानातल्या दोन मैत्रिणी, छिन विधवा. जिल्ह्याची बाई यंत्र लावून स्वतःच येऊन बसली, म्हणाली, "मी तरी खरी कुमारी आहे." एक चुलत बहीण शेनझेनहून फोनवर, तो फोन पेल्याला टेकवून उभा केलेला. सातव्या जागेवर नवरी. आणि दहावी रिकामी, पुढे पेला भरून ठेवलेला.

मुलगा मुलीने स्वतःच शोधला, तरी छत्रीवाली लागतेच. ते काम माझं. मी दारात छत्री धरून उभी. तुझ्या आईच्या जागी, तुझ्या आईची छत्री. अंगण भरलेलं. शहरातले व्याही खुर्च्यांवर, हातात मोबाइल. शौवन पहिल्या रांगेत.

सहा कडवी झाली. श्याओमानने सातवं घेतलं आणि माझ्याकडे बोट केलं,

छत्रीवाल्या आजीबाई, तुझी जीभ मधाची
तंगडी खाल्लीस डुकराची नि नात विकली स्वतःची

लोक खूप हसले. मीही हसले. रीत आहे. मग आठवं, मास्तरणीने. नववं फोनवर झालं, आवाज अडकत होता, पण झालं. मग सगळ्यांनी रिकाम्या पेल्यावर नजर टाकली. ती नऊ वर्षांची पोर म्हणाली, "आता कोण?"

मी छत्री मिटून भिंतीला लावली आणि जाऊन दहाव्या जागेवर बसले. म्हातारी, विधवा आणि वर छत्रीवाली. तिन्ही नियम मोडले. थोरली मेइ बघतच राहिली. बसल्यावर बरं वाटलं. मी म्हटलं,

दहावी जागा रिकामी, तिथे बसले मी म्हातारी
फंगबाईंनी सांगितलं होतं, चुलीशी बसून आमच्या घरी

आबांनी ते पोटात ठेवलं, मीही ठेवलं तसंच
निरपराध बाईचं नाव मी बुडवलं, हे खरंच

रुइलान, मी वळले नाही. एक शब्द गोड केला नाही. तुझ्या आईचं नाव घेतलं, आबांचं घेतलं, कोठाराचं घेतलं, तिसऱ्या दिवशीच्या कणसाचंही घेतलं. सहा ओळी जास्तच म्हटल्या. माझा आवाज फाटला, पण शेवटपर्यंत गेला.

पहिला हसला तो शौवन. मोठ्याने, मांडीवर थाप मारून. "वा ताई, वा. छत्रीवालीने छत्रीवालीलाच शिव्या दिल्या." आणि टाळ्या वाजवायला लागला. तो हसल्यावर सगळे हसले. शहरातल्या व्याह्याने अंगठा उंच केला. जिल्ह्याची बाई आनंदाने लाल झाली होती. म्हणाली, "आजी, हे मी कुठेच ऐकलेलं नाही. मध्यस्थीणच स्वतःला शिव्या देते. तुम्ही आत्ता रचलंत?"

मी उभी राहिले. म्हणजे उठायचा प्रयत्न केला. म्हटलं, "गाणं नाही हे. खरं आहे. फंग श्यूझनने काही लपवलं नव्हतं. माझ्या बापाने लपवलं आणि मला ते माहीत होतं."

अजून हसले. छिन विधवेने डोळे पुसले, हसून हसून. म्हणाली, "हिला नाटकात घालायला हवं होतं." थोरली मेइ शेजारच्या पोरीला ओढून विचारत होती, "काय म्हणाली गं? काय म्हणाली?" पोरीने तिच्या कानात ओरडून सांगितलं, "छत्रीवालीला शिव्या देतेय." मेइने टाळ्या पिटल्या. "दे, दे. चांगल्या दे. पहिल्यांदा नीट दिल्या नव्हत्या."

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मी खोटं गायलं तर ते सगळ्यांनी खरं मानलं. आता खरं गायलं तर ती सातव्या कडव्याची गंमत झाली. आता आणखी कुठे जाऊन सांगू? पंचायतीत गेले तर शौवन आहे. दुकानात सांगितलं तर म्हणतील, आजीला गाणं चढलंय. काल सकाळीच दुकानातल्या त्या सुनेने मला थांबवलं. "आजी, काय भारी गायलात. ती फंगबाईची गोष्ट खरी होती का?" मी म्हटलं, खरी. फंगबाई निर्दोष होती. ती म्हणाली, "हो ना, आणि शेवटी तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत, किती मोठं मन." म्हणजे आता मी थोर झाले. ह्याच्यापेक्षा शिव्या बऱ्या.

श्याओमान निघताना गाडीच्या काचेतून म्हणाली, "आजी, माझी बैठक दहापर्यंत गेली. पुरी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला मी काय सांगणार?

तिच्या मैत्रिणीने व्हिडिओ काढला. तो ह्या पाकिटात पेनड्राइव्हमध्ये घालून पाठवते आहे. तुझ्या दुकानातल्या कुणाला तरी लावून द्यायला सांग. तू सांगितलंस तिथेच, बैठकीत, गाण्यात, सगळ्यांसमोर नाव परत घेतलं, त्याचा पुरावा आहे. शेवटी मी बराच वेळ त्या जागेवर बसलेली दिसेन. लोक उठून जेवायला गेले, पेले गोळा झाले, तरी बसलेली. नवरीला तिच्या मैत्रिणींनी उठवलं, पण माझा हात धरायला कुणी आलं नाही आणि दहावीने उठवल्याशिवाय उठायचं नाही हे आपण दोघीच शिकलो होतो.

दहावं पाठवू नकोस. आता ते कुठे म्हणणार? तुझ्यापाशीच असू दे.

एवढंच कर. व्हिडिओत सगळे हसतील, शौवनपासून त्या पोरीपर्यंत. तू ऐकशील तेव्हा हसू नकोस.

दोंगशिऊ